फॉरमॅट मारण्याआधी

लिनक्सच्या डेस्कटॉपवरचे आयकॉन बिघडले की पहिला सल्ला ठरलेला असतो : ‘फॉरमॅट मारून टाका.’ शाळांचे आणि वाचनालयांचे संगणक सांभाळताना तो मी इतक्यांदा ऐकला आहे, की त्याच्याविरुद्ध नीट लिहावं असं फार दिवस मनात होतं. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाली. विंडोज ११ ज्यांच्यावर चढत नाही, अशी जुनी पण धडधाकट यंत्रं त्यानंतर मोठ्या प्रमाणावर लिनक्सकडे वळत आहेत. ती वापरणारी माणसं क्लार्क आहेत, ग्रंथपाल आहेत, शिक्षक आहेत. त्यांच्यासाठी डेस्कटॉपवरचे आयकॉन म्हणजेच संगणक. तेच विस्कटले तर त्यांचा लिनक्सवरचा विश्वास उडतो, आणि फॉरमॅट मारून तो परत येत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की आयकॉन का बिघडला याचं कारण लिनक्समध्ये शोधता येतं. आयकॉन पडद्यावर उमटेपर्यंत जे जे घडतं, ते जाहीर नियमांनी घडतं. त्याच्या बहुतेक नोंदी साध्या मजकुराच्या फाइलींत असतात, आणि जे वाचता येतं ते दुरुस्तही करता येतं. हे शिकताना हाताशी आलेले धडे इथे क्रमाने मांडते. फाइली आणि कमांड यांची नावं उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टर्मिनलमध्ये ती रोमन लिपीतच टाइप करायची.

१. आयकॉन गेला म्हणजे फाइल गेली असं नाही

‘मॅडम, सगळं उडालं!’ शाळेच्या कार्यालयातल्या भाऊसाहेबांचा असा फोन येतो तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर पगारबिलं असतात, दाखल्यांचे नमुने असतात, दहावीच्या मुलांच्या याद्या असतात. अशा वेळी तांत्रिक चौकशी नंतर. आधी फाइल मॅनेजर उघडायला सांगावं, होममधल्या ‘डेस्कटॉप’ फोल्डरात जायला सांगावं. बहुतेक वेळा सगळ्या फाइली तिथे जशाच्या तशा असतात. त्यातली एक त्यांनाच उघडायला लावावी. आवाज लगेच बदलतो.

डेस्कटॉप म्हणजे डिस्कवरचा एक साधा फोल्डर, आणि पडद्यावर दिसतं ते त्या फोल्डरचं चित्र. चित्र काढणारा प्रोग्राम अडखळला तरी फोल्डरला धक्का लागत नाही. तरीही दुरुस्तीला हात लावण्याआधी तो फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करून घ्यावा. यात पाच मिनिटं जातात, पण पुढचं सगळं काम शांत डोक्याने होतं.

२. बिघाड कसा दिसतो ते शब्दांत नेमकं मांडा

‘आयकॉन नीट दिसत नाहीत’ या एका वाक्यामागे निदान पाच वेगळे बिघाड असतात. आयकॉन मुळीच नाहीत. आयकॉन आहेत, पण सगळ्यांचं चित्र सारखंच, कोरा कागद किंवा दातेरी चाक. चित्र बरोबर आहे, पण जागा बदलली. चित्र आणि जागा दोन्ही ठीक, पण खालच्या नावात चौकोन. किंवा चित्रच फुटलेलं, रेघारेघांचं, काळ्या ठिपक्यांचं.

या पाचांची कारणं वेगवेगळ्या थरांत असतात. पहिल्यात बहुधा चित्र काढणारा प्रोग्रामच बंद पडलेला असतो किंवा तो भलत्या फोल्डरकडे बघत असतो. दुसऱ्यात थीम किंवा कॅश, तिसऱ्यात जागेची नोंद, चौथ्यात फॉन्ट, आणि पाचव्यात बहुतेक वेळा ग्राफिक्स ड्रायव्हर. लक्षण नेमकं सांगता आलं की अर्धी शोधाशोध तिथेच वाचते. म्हणून फोनवर मी आधी एवढंच विचारते, ‘आयकॉनच्या जागी काय दिसतंय?’

३. डेस्कटॉप कोण रंगवतं ते माहीत हवं

लिनक्समध्ये ‘डेस्कटॉप’ हे काम सगळीकडे एकच प्रोग्राम करत नाही. एक्सएफसीईमध्ये ते ‘एक्सएफडेस्कटॉप’ करतो. लिनक्स मिंटच्या सिनॅमनमध्ये ‘निमो-डेस्कटॉप’, माटेमध्ये ‘काजा’, केडीईमध्ये ‘प्लाझ्माशेल’, एलएक्सडीईमध्ये ‘पीसीमॅनएफएम’. ग्नोमची गोष्ट वेगळी आहे. तिथे पूर्वी ‘नॉटिलस’ हा फाइल मॅनेजरच आयकॉन काढायचा. मार्च २०१८मध्ये आलेल्या ३.२८ आवृत्तीत ते काम त्यातून काढून टाकलं गेलं. त्याच वर्षी एप्रिलमध्ये आलेल्या उबुंटू १८.०४ने डेस्कटॉपवरचे आयकॉन टिकावेत म्हणून मुद्दाम जुनाच ३.२६ नॉटिलस ठेवला. नंतर हे काम एक्स्टेन्शनकडे गेलं. त्यामुळे ग्नोममध्ये अपडेटनंतर आयकॉन एकदम नाहीसे झाले, तर पहिला संशय ते एक्स्टेन्शन बंद पडल्याचा घ्यावा.

हे कळलं की उपायही नेमका होतो. अख्खं यंत्र रीस्टार्ट करण्याऐवजी तेवढाच प्रोग्राम बंद करून पुन्हा चालू करायचा. तो टर्मिनलमधून चालू केला तर आणखी एक फायदा मिळतो : त्याची तक्रार तिथेच डोळ्यांसमोर छापली जाते. एखादी फाइल वाचता येत नाही, अमुक थीम सापडत नाही, असं तो स्वतःच सांगतो. ती ओळ वाचायची सवय लावून घ्यावी. इंग्रजी आहे म्हणून घाबरू नये. बहुतेक वेळा तिच्यात फाइलचं नाव असतं आणि तेवढं पुरतं.

४. नवा वापरकर्ता उघडून बघा

घरातली लाईट गेली की वायरमन आधी शेजाऱ्याकडे लाईट आहे का विचारतो. इथे शेजारी म्हणजे त्याच यंत्रावर तयार केलेला नवा, कोरा वापरकर्ता. त्या नावाने लॉगिन करायचं. तिथे आयकॉन व्यवस्थित दिसले तर बिघाड जुन्या वापरकर्त्याच्या होम फोल्डरमधल्या सेटिंगमध्ये आहे. तिथेही तेच दिसलं तर बिघाड यंत्रणेच्या पातळीवर आहे : पॅकेज, थीम, ड्रायव्हर किंवा हार्डवेअर.

दुसऱ्या शक्यतेत पुढची चाचणी लाइव्ह पेनड्राइव्हची. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू केल्यावरही चित्रं फुटत असतील तर डिस्कवरच्या यंत्रणेत काही शोधण्यात अर्थ नाही. संशय ग्राफिक्सवर आणि हार्डवेअरवर जातो. या दोन चाचण्यांत काहीच बदलत नाही, काहीच बिघडत नाही, आणि शोधायची जागा मात्र एकदम लहान होते. मी कुठलीही सेटिंग बदलण्याआधी या दोन्ही करते, बिघाड कितीही ओळखीचा वाटला तरी.

५. काल काय बदललं?

‘आम्ही काहीच केलं नाही’ असं वापरणारे म्हणतात, आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. बदल यंत्रानेच केलेला असतो, अपडेटच्या रूपाने. डेबियन, उबुंटू आणि मिंटमध्ये प्रत्येक इन्स्टॉल, अपडेट आणि काढलेलं पॅकेज तारीख-वेळेसह नोंदलं जातं. ‘वार’ फोल्डरातल्या ‘लॉग’मध्ये, त्यातल्या ‘एपीटी’ फोल्डरात, ‘हिस्टरी.लॉग’ नावाच्या फाइलीत ते वाचता येतं. बिघाड कालपासून असेल तर कालची नोंद बघावी. आयकॉन थीम, डेस्कटॉपचा प्रोग्राम, कर्नल किंवा ग्राफिक्स ड्रायव्हर यांपैकी काही त्या यादीत दिसलं तर धागा हाती लागतो.

आपल्याकडे यात आणखी एक गोष्ट भर घालते : अपडेट चालू असताना जाणारी लाईट. अशा वेळी नेमके आयकॉनच का बिघडतात, याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. पॅकेज बसवण्याची काही कामं ‘ट्रिगर’ म्हणून राखून ठेवलेली असतात. आयकॉनची कॅश ताजी करणं, फाइलप्रकारांची यादी पुन्हा बांधणं, चित्रं वाचणाऱ्या लोडरांची नोंद करणं ही ती कामं. प्रत्येक पॅकेजमागे ती पुन्हा पुन्हा करावी लागू नयेत म्हणून साधारणपणे सगळ्यात शेवटी एकदम उरकली जातात. लाईट नेमकी त्या शेवटच्या टप्प्यात गेली तर प्रोग्राम नवे आणि याद्या जुन्या, अशी अवस्था होते. प्रोग्राम चालतात, पण आयकॉनच्या जागी कोरे कागद दिसतात.

उपाय सोपा आहे. ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड दिली की राहिलेली कामं पूर्ण होतात. त्यानंतर अपडेट पुन्हा एकदा चालवावं, आणि लॉगआउट करून परत यावं. ज्या कार्यालयात यूपीएस नाही तिथे मी अपडेट माणूस समोर असतानाच, लाईटची खात्री असलेल्या वेळी करायला सांगते.

६. आयकॉनचं चित्र कुठून येतं ते एकदा समजून घ्या

हा धडा जरा लांब आहे, पण सगळ्यात जास्त उपयोगी पडलेला हाच.

आयकॉन कसा शोधायचा याचे नियम फ्रीडेस्कटॉप या प्रकल्पाने ठरवलेले आहेत. ग्नोम, केडीई, एक्सएफसीई सगळे त्यांचा आधार घेतात. प्रोग्रामचा शॉर्टकट म्हणजे ‘.डेस्कटॉप’ अशी शेपटी असलेली एक मजकुराची फाइल. टेक्स्ट एडिटरमध्ये उघडली तर तिच्यात ‘नेम’, ‘एक्झेक’, ‘आयकॉन’ अशा ओळी दिसतात. ‘आयकॉन’समोर बहुधा नुसतं नाव असतं, त्याला पत्ता नसतो आणि ‘पीएनजी’सारखी शेपटीही नसते. ते नाव घेऊन यंत्रणा आधी चालू थीममध्ये शोधते. तिथे नसेल तर ती थीम ज्या थीमवर बेतलेली आहे तिच्यात. तिथेही नसेल तर ‘हायकलर’ नावाच्या सर्वांच्या सामाईक थीममध्ये, आणि शेवटी ‘पिक्समॅप्स’ फोल्डरात. कुठेच सापडलं नाही, तर दातेरी चाक.

यावरून काही बिघाड लगेच उलगडतात. थीम इंटरनेटवरून उतरवून बसवली, पण ती ज्या थीमवर बेतलेली आहे ती यंत्रावर नाही : निम्मे आयकॉन दिसतात, निम्मे नाहीत. कुणीतरी ‘आयकॉन’समोर पेनड्राइव्हवरच्या चित्राचा पूर्ण पत्ता दिला आहे : पेनड्राइव्ह काढला की आयकॉन गेला. प्रोग्राम फ्लॅटपॅकमधून नुकताच बसवला आहे : त्याचे आयकॉन वेगळ्या फोल्डरात असतात, आणि तो फोल्डर शोधयादीत येण्यासाठी कधी कधी एकदा लॉगआउट करावं लागतं.

आता कॅशबद्दल. हजारो चित्रांत दर वेळी शोधत बसू नये म्हणून जीटीके (अनेक डेस्कटॉप प्रोग्राम ज्यावर बांधलेले असतात ते साधन) प्रत्येक थीमच्या फोल्डरात ‘आयकॉन-थीम.कॅश’ नावाची एक सूची ठेवतं. सूची ताजी आहे की शिळी, हे ते थीमच्या सर्वांत वरच्या फोल्डरच्या बदलाच्या वेळेवरून ठरवतं. नवं चित्र आत कुठेतरी, समजा ४८ मापाच्या फोल्डरातल्या ‘ॲप्स’मध्ये हाताने टाकलं, तर बदलाची वेळ त्या आतल्या फोल्डरची बदलते, सर्वांत वरच्याची नाही. परिणाम असा की चित्र जागेवर आहे, नाव बरोबर आहे, परवानग्या बरोबर आहेत, तरी आयकॉन दिसत नाही. कारण जुनी सूचीच ताजी समजली जाते. अशा वेळी ‘जीटीके-अपडेट-आयकॉन-कॅश’ ही कमांड ‘-एफ’सह त्या थीमच्या फोल्डरवर चालवली की आयकॉन उमटतो.

ही साखळी एकदा डोक्यात बसली की ‘आयकॉन दिसत नाही’ हा प्रश्न ‘नाव कुठल्या पायरीवर सापडलं नाही’ असा होतो, आणि त्याचं उत्तर शोधता येतं.

७. सगळं होम फोल्डरच डेस्कटॉपवर आलं तर

काही वेळा उलटंच होतं. डेस्कटॉपवर आयकॉनची गर्दी होते : डाउनलोड्स, डॉक्युमेंट्स, म्युझिक, पिक्चर्स, सगळं. वापरणाऱ्याला वाटतं, व्हायरस शिरला. खरं कारण एका छोट्या फाइलीत असतं. होममधल्या लपलेल्या ‘.कॉन्फिग’ फोल्डरात ‘यूजर-डिर्स.डिर्स’ नावाची फाइल असते. डेस्कटॉप कुठे, डाउनलोड्स कुठे, हे तिच्यात एकेका ओळीत लिहिलेलं असतं. कुणी ‘डेस्कटॉप’ नावाचा फोल्डर काढून टाकला किंवा त्याचं नाव बदललं, तर पुढच्या लॉगिनला यंत्रणेला तो सापडत नाही. मग ती त्या ओळीत थेट होम फोल्डरचाच पत्ता लिहिते. त्यानंतर होममधलं सगळं डेस्कटॉप म्हणून दिसू लागतं.

दुरुस्ती : फोल्डर पुन्हा तयार करायचा, त्या फाइलीतली डेस्कटॉपची ओळ नीट करायची, लॉगआउट करून परत यायचं. अशा वेळी डेस्कटॉपवरची ‘नको ती’ गर्दी मात्र कुणालाही डिलीट करू देऊ नये. ती गर्दी म्हणजे खऱ्या फाइली आहेत. ही सूचना फोनवर सर्वांत आधी द्यावी.

मराठी वापरणाऱ्यांसाठी इथे एक खास मुद्दा आहे. यंत्राची भाषा इंग्रजीवरून मराठी केली, की काही डेस्कटॉपवर पुढच्या लॉगिनला एक खिडकी येते आणि नेहमीच्या फोल्डरांची नावंही नव्या भाषेत करायची का, असं विचारते. माझा सल्ला असा : मेनू, खिडक्या, सूचना सगळं मराठीत करावं, पण त्या फोल्डरांची नावं जुनीच ठेवावीत. टर्मिनलमध्ये देवनागरी अजूनही सगळीकडे नीट जुळून दिसत नाही, आणि इंग्रजी पत्ता गृहीत धरणारे शॉर्टकट आणि बॅकअपच्या स्क्रिप्ट नाव बदलल्यावर अडतात.

८. प्रोजेक्टर लावला आणि आयकॉन विस्कटले

शाळांत सर्वाधिक येणारी तक्रार ही. वर्गात प्रोजेक्टर जोडला, तास झाला, वायर काढली. आणि सरांनी विषयवार लावलेले आयकॉन डाव्या कडेला एकावर एक रांगेत जाऊन बसलेले.

कारण असं : जुना प्रोजेक्टर १०२४ गुणिले ७६८चं रिझोल्यूशन सांगतो, संगणकाचा पडदा असतो १९२० गुणिले १०८०चा. दोन्हीकडे एकच चित्र दाखवायचं तर पडदा लहान मापावर आणला जातो. त्यात मावत नाहीत त्या आयकॉनना नवी जागा शोधावी लागते. एक्सएफसीईच्या ४.१८ आवृत्तीत ही मांडणी होममधल्या ‘.कॉन्फिग’मधल्या ‘एक्सएफसीई४’ फोल्डरात, त्यातल्या ‘डेस्कटॉप’मध्ये साठवलेली असते. तिथे ‘आयकॉन्स.स्क्रीन०’ने सुरू होणाऱ्या फाइली दिसतात आणि नावाच्या शेवटी वापरायच्या जागेचं माप असतं. आत प्रत्येक आयकॉनचा पत्ता, त्याखाली ‘रो’ आणि ‘कॉल’ : कितवी ओळ, कितवा स्तंभ. इतकं सरळ.

म्हणून मांडणी मनासारखी लावून झाली की त्या फोल्डरची एक प्रत बाजूला ठेवावी. आयकॉन विस्कटले की एक्सएफडेस्कटॉप बंद करायचा, प्रत जागेवर ठेवायची आणि तो पुन्हा चालू करायचा. क्रम महत्त्वाचा आहे. प्रोग्राम चालू असतानाच फाइल बदलली तर तो आपल्या स्मरणातली मांडणी तिच्यावर परत लिहू शकतो. आणि शक्य तिथे प्रोजेक्टर जोडताना ‘मिरर’ऐवजी ‘एक्स्टेंड’ निवडावं. मूळ पडद्याचं माप तेच राहतं आणि तिथल्या आयकॉनना हलायचं कारण उरत नाही.

९. नावाच्या जागी चौकोन म्हणजे फॉन्ट नाही

आयकॉनखाली ‘हजेरी’ किंवा ‘दाखले’ असं दिसण्याऐवजी चौकोनांची रांग दिसत असेल, तर फाइलचं नाव शाबूत आहे. ते रंगवायला देवनागरी फॉन्ट नाही, एवढंच. कमीत कमी सामान बसवलेल्या यंत्रांवर हे होतं. ‘एफसी-लिस्ट :लँग=एमआर’ ही कमांड मराठी जाणणारे फॉन्ट दाखवते. यादी रिकामी आली तर डेबियन-उबुंटूमध्ये ‘फॉन्ट्स-देवा’ हे पॅकेज बसवावं; लोहित देवनागरी त्यातून येतो. नोटो सान्स देवनागरीही चांगला आहे.

फॉन्ट असूनही मात्रा भलतीकडे, जोडाक्षरं तुटलेली, असं दिसत असेल तर यंत्रणेने निवडलेला फॉन्टच अपुरा असतो. दुसरा फॉन्ट बसवून ‘एफसी-कॅश -एफ’ चालवावं आणि पुन्हा लॉगिन करावं. आपल्या गावाचं, आपल्या मुलांचं नाव पडद्यावर मोडक्या अक्षरांत दिसणं ही चालवून घेण्याची गोष्ट नाही, आणि पाच मिनिटांत सुटणाऱ्या बिघाडासाठी माणसांनी फाइलींना इंग्रजी नावं देण्याची सवय लावून घेऊ नये.

१०. फुटलेल्या चित्राचा स्क्रीनशॉटही घ्या, फोटोही काढा

आयकॉनवर रेघा, ठिपके, कापलेले तुकडे दिसत असतील तर एक छोटी चाचणी फार काही सांगते. संगणकावरच स्क्रीनशॉट घ्यायचा, आणि त्याच पडद्याचा मोबाइलने फोटो काढायचा. मग स्क्रीनशॉट दुसऱ्या यंत्रावर उघडून दोन्ही शेजारी ठेवून बघायचे. फुटकेपणा स्क्रीनशॉटमध्येही उतरला असेल तर चित्र तयार होतानाच बिघडलं आहे : डेस्कटॉपचा प्रोग्राम, कंपोझिटर (सगळ्या खिडक्या एकत्र जोडून पडद्याचं चित्र तयार करणारा भाग) किंवा ड्रायव्हर. स्क्रीनशॉट स्वच्छ आणि फोटोत मात्र रेघा असतील, तर चित्र तयार होऊन पुढे जाताना गडबड आहे : वायर, पिन, मॉनिटर किंवा पडद्याकडे चित्र पाठवणारा भाग. अशा वेळी आधी वायर बदलून बघावी.

बिघाड तयार होतानाचा असेल तर पहिली पायरी कंपोझिटर थोडा वेळ बंद करण्याची. एक्सएफसीईमध्ये ‘विंडो मॅनेजर ट्वीक्स’मध्ये त्यासाठी साधी खूण आहे. ती काढल्यावर चित्र सुधारलं तर दिशा कळली. यंत्र झोपेतून उठल्यावरच आयकॉन आणि अक्षरं फुटत असतील, तर झोपेत व्हिडिओ मेमरीतला मजकूर जपला गेला नाही असा अर्थ बहुधा निघतो. ड्रायव्हरमध्ये ती मेमरी जपण्याची सोय असेल तर ती चालू करावी. जुन्या यंत्रांवर खास ड्रायव्हरऐवजी एक्स.ऑर्गचा ‘मोडसेटिंग’ हा सर्वसाधारण ड्रायव्हर वापरूनही अशी कटकट थांबलेली मी पाहिली आहे. नवा कर्नल आल्यानंतर बिघाड सुरू झाला असेल तर ग्रबच्या मेनूतून आधीचा कर्नल निवडून चालू करावं. तो तिथे ठेवलेला असतो तो याच कामासाठी.

११. जागा आणि मालकी, या दोन्ही तपासा

हा धडा छोटा, पण विसरला जाणारा. ‘डीएफ -एच’ने डिस्कवरची जागा बघावी. जागा संपली की आयकॉनची मांडणी साठवता येत नाही, फोटोंची लघुचित्रं तयार होत नाहीत, आणि दर लॉगिनला नवाच गोंधळ दिसतो. मग ‘एलएस -एल’ने ‘.कॉन्फिग’ आणि ‘.कॅश’मधल्या फाइलींची मालकी बघावी. कुणी ग्राफिकल प्रोग्राम ‘सुडो’ लावून चालवला असेल तर त्यातल्या काही फाइली रूटच्या नावावर गेलेल्या असू शकतात. मग वापरकर्ता स्वतःच्या घरातली सेटिंग बदलू शकत नाही. ‘सीएचओन’ने मालकी परत दिली की प्रश्न मिटतो.

फक्त फोटोंचे आयकॉन कोरे राहत असतील तर ‘.कॅश’मधल्या ‘थंबनेल्स’ फोल्डरात ‘फेल’ नावाचा फोल्डर बघावा. लघुचित्र एकदा जमलं नाही की त्याची नोंद तिथे होते, आणि मूळ फाइल बदलल्याशिवाय पुन्हा प्रयत्न होत नाही. मोबाइलमधून अर्धवट कॉपी झालेल्या फोटोंचं असं होतं. तो ‘फेल’ फोल्डर निर्धास्तपणे काढावा. ती निव्वळ कॅश आहे.

१२. काढून टाकू नका, नाव बदला. आणि एका वेळी एकच बदल

सेटिंगचा फोल्डर संशयास्पद वाटला तर तो डिलीट करायचा नाही. त्याच्या नावापुढे ‘जुना’ किंवा तारीख जोडायची. यंत्रणा नवा, कोरा फोल्डर तयार करते. बिघाड गेला तर कारण त्या फोल्डरात होतं हे सिद्ध झालं. नाही गेला तर जुनं नाव परत द्यायचं आणि माणसाची सगळी मांडणी, पार्श्वभूमीचं चित्र, पॅनेल, सगळं जसंच्या तसं परत येतं. त्याने ती मांडणी मेहनतीने लावलेली असते. ती पुसण्याचा अधिकार दुरुस्त करणाऱ्याला नाही.

तसंच, चार उपाय एकदम करू नयेत. थीम बदलली, कॅश पुसली, ड्रायव्हर बदलला, रीस्टार्ट केलं, आणि आयकॉन आले. पण कशाने आले? पुढच्या वेळी पुन्हा चारही करावे लागतात, आणि त्यातल्या एखाद्याने नवाच बिघाड होतो. एक बदल करावा, लॉगआउट करून बघावं, मग दुसरा.

१३. लिहून ठेवा, आणि बनवणाऱ्यांना कळवा

प्रत्येक यंत्राशेजारी मी एक साधी वही ठेवते. तारीख, लक्षण, काय सापडलं, काय केलं. त्या वहीमुळे भाऊसाहेब आता प्रोजेक्टरनंतरची मांडणी स्वतःच परत आणतात.

आणि कारण प्रोग्राममध्येच असेल तर ते बनवणाऱ्यांना कळवावं. चांगल्या तक्रारीत थोडक्या गोष्टी लागतात : कुठलं वितरण आणि आवृत्ती, कुठला डेस्कटॉप, सेशन एक्स११चं की वेलँडचं, कर्नल कुठला, काय केल्यावर हमखास बिघडतं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, सोबत स्क्रीनशॉट. इंग्रजी साधं असलं तरी चालतं. क्रम स्पष्ट हवा.

शॉर्टकटच्या त्या फाइलीत आणखी एक ओळ असू शकते : ‘नेम’पुढे चौकटी कंसात ‘एमआर’. यंत्र मराठीत असेल तर प्रोग्रामचं नाव तिथून येतं. ती ओळ कुणीतरी मराठी माणसाने बसून लिहिलेली असते. तशीच आपली तक्रारही कुणीतरी वाचतं, दुरुस्ती पुढच्या आवृत्तीत उतरते, आणि दुसऱ्या गावातल्या क्लार्कचे आयकॉन बिघडायचे थांबतात. फॉरमॅट मारला तर बिघाडाचं कारण त्याच्याबरोबर पुसलं जातं आणि कुणाचाच फायदा होत नाही. कारण शोधून कळवलं तर ते यंत्र सुधारतंच, पण तोच प्रोग्राम वापरणाऱ्या सगळ्यांचीही सोय होते. म्हणून पुढच्या वेळी कुणी फॉरमॅट सुचवलं, तर आधी तासभर मागून घ्या आणि या यादीतल्या पहिल्या पाच पायऱ्या चढून बघा.